नफा पंखाखाली शोधा

२ मे २०२३ रोजी गो फर्स्ट या भारतीय विमान कंपनीनं स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिच्या ताफ्यातली जवळपास निम्मी विमानं इंजिनांअभावी जमिनीवर होती. कंपनीनं खापर फोडलं ते प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकी इंजिन कंपनीवर. प्रॅटनं ते साफ नाकारलं. त्याच वर्षी २५ जुलैला प्रॅटची पालक कंपनी आरटीएक्सनं आणखी एक, त्याहून मोठं दुखणं जाहीर केलं. २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत ज्या धातूच्या भुकटीतून इंजिनांच्या फिरत्या चकत्या घडवल्या, त्या भुकटीत अशुद्ध कण मिसळले गेले होते. अशा चकतीला वेळेआधी तडा जाऊ शकतो, म्हणून शेकडो इंजिनं विमानांवरून उतरवून तपासावी लागणार होती. त्या दिवशी आरटीएक्सचा शेअर सुमारे १० टक्के पडला. सप्टेंबरात कंपनीनं जवळपास ३ अब्ज डॉलरचा फटका हिशेबात धरला आणि सांगितलं, की २०२४ ते २०२६ या काळात जगभर सरासरी ३५० विमानं यामुळे उभी राहतील. आपल्या इंडिगोचीच ७० हून अधिक विमानं २०२४ च्या सुरुवातीला उभी होती.

जुलैच्या त्या घोषणेआधी आरटीएक्सची ऑर्डरची यादी कुणी कितीही बारकाईनं वाचली असती, तरी त्यात यातलं अवाक्षर सापडलं नसतं. विमानाच्या इंजिनांची कंपनी पारखताना बहुतेक लोक ऑर्डरच्या यादीपासूनच सुरुवात करतात. किती हजार इंजिनं मागणीत आहेत, किती वर्षांचं काम हाताशी आहे, हे आकडे कंपन्याही मोठ्या टायपात छापतात. माझं म्हणणं असं, की सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी: कंपनीचं इंजिन एकदा पंखाखाली बसवल्यावर दुरुस्तीसाठी उतरवावं लागेपर्यंत किती काळ टिकतं, आणि करार करताना कंपनीनं किती काळ गृहीत धरला होता? या धंद्यातले लोक याला ‘टाइम ऑन विंग’ म्हणतात. नफा, रोकड आणि भागधारकाचं नशीब या दोन आकड्यांतल्या फरकावर ठरतं.

हे नीट समजण्यासाठी मी मुख्य उदाहरण घेणार आहे रोल्स-रॉइसचं. लंडनच्या बाजारात नोंदलेल्या आणि डर्बी शहरात इंजिनं घडवणाऱ्या या कंपनीनं गेल्या पन्नासेक वर्षांत गुंतवणूकदाराला या धंद्याचे सगळे रंग दाखवले आहेत. याच नावाच्या मोटारींशी तिचा आता संबंध नाही. मोटारींचा धंदा १९७३ मध्येच वेगळा झाला आणि त्या मोटारी आज बीएमडब्ल्यू बनवते.

दार इतकं बंद का?

मोठ्या प्रवासी विमानांची इंजिनं जगात मोजक्याच घरांत बनतात. अमेरिकेची जीई एरोस्पेस, ब्रिटनची रोल्स-रॉइस, आरटीएक्सची प्रॅट अँड व्हिटनी आणि फ्रान्सची साफ्रान. जीई आणि साफ्रानची पूर्वाश्रमीची कंपनी स्नेक्मा यांनी १९७४ मध्ये निम्म्या-निम्म्या भागीदारीत सीएफएम ही कंपनी काढली. तिच्या सीएफएम५६ मालिकेची ३० हजारांहून जास्त इंजिनं विकली गेली. या चौघांच्या मागे भागीदार म्हणून उभ्या असलेल्यांत जर्मनीची एमटीयू एरो इंजिन्स मोठी.

नवा खेळाडू इथं सहज येत नाही, त्याला कारण आहे. टर्बाइनच्या पहिल्या पात्यांवरून जाणारा वायू त्या पात्यांच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही तापलेला असतो. पातं निकेलच्या मिश्रधातूच्या एका अखंड स्फटिकातून ओतलेलं असतं, त्यावर सिरॅमिकचा थर असतो आणि आतल्या बारीक नळ्यांतून व छिद्रांतून थंड हवा खेळवलेली असते. हे करायला शिकण्यात पिढ्या जातात. विमानाच्या एखाद्या प्रकाराला एकच इंजिन मिळत असेल, तर स्पर्धेचा प्रश्नच उरत नाही. एअरबस ए३५० ला फक्त रोल्स-रॉइसचं ट्रेंट एक्सडब्ल्यूबी लागतं, ए३३० निओला फक्त ट्रेंट ७०००. बोइंग ७८७ ला मात्र रोल्स-रॉइस आणि जीई असे दोन पर्याय ठेवले गेले, आणि तिथली लढाई रोल्स-रॉइस बरीचशी हरली. त्यामागची गोष्ट पुढे येईलच.

पण स्पर्धक कमी आहेत म्हणून भागधारक सुरक्षित आहे, असं समजू नका. १९६८ मध्ये रोल्स-रॉइसनं लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी२११ हे इंजिन ठरलेल्या किमतीत द्यायचा करार केला. पंख्याची पाती कार्बन फायबरची करायची होती. पक्ष्याच्या धडकेच्या चाचणीत ती टिकली नाहीत, पुन्हा टायटॅनियमकडे वळावं लागलं, विकासाचा खर्च वाढतच गेला, आणि किंमत मात्र करारानं बांधलेली. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. एडवर्ड हीथ यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. ती पुन्हा शेअर बाजारात आली १९८७ मध्ये. आरबी२११ नंतर उत्तम इंजिन ठरलं, आजची सगळी ट्रेंट मालिका त्याच्याच वंशातली. इंजिन जगलं, भागधारक बुडाले. म्हणून वार्षिक अहवालात ‘ठरावीक किमतीचा विकास करार’ दिसला, विशेषतः नव्या धातूशी किंवा नव्या तंत्राशी जोडलेला, तर तिथं थांबून दोनदा वाचा.

विक्रीत तोटा, उड्डाणात कमाई

मोठं इंजिन विकताना कंपनीला बहुधा फायदा होत नाही. रोल्स-रॉइसला २०१८ मध्ये एका मोठ्या इंजिनामागे सरासरी १० लाख पौंडांहून अधिक तोटा होत होता. इंजिन स्वस्तात द्यायचं आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं सुटे भाग व दुरुस्ती यांतून कमवायचं, अशी या धंद्याची रीत आहे. त्यातही दोन पद्धती आहेत, आणि कोणता शेअर घ्यायचा हे ठरवताना हा फरक फार कळीचा ठरतो.

पहिली पद्धत तासाच्या हिशेबाची. इंजिन जितके तास उडेल तितक्या तासांचे ठरलेले पैसे विमान कंपनी देते, आणि दुरुस्तीची जबाबदारी इंजिन बनवणाऱ्याची. ही कल्पना १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीनं आपल्या व्हायपर इंजिनासाठी आणली. ती कंपनी पुढे रोल्स-रॉइसमध्ये विलीन झाली. आज रोल्स-रॉइसची बहुतेक मोठी इंजिनं ‘टोटलकेअर’ नावाच्या अशाच करारांखाली उडतात. दुसरी पद्धत जुनी आणि सरळ आहे: इंजिन बिघडलं की दुरुस्ती करा, लागलेल्या भागांचे आणि श्रमाचे पैसे घ्या. सीएफएम५६ चा मोठा हिस्सा असा चालतो, त्यामुळे त्यातून जीई आणि साफ्रानला सुट्या भागांची भरघोस विक्री मिळते आणि त्या भागांच्या किमती ते वरचेवर वाढवतात.

जोखीम कोण पेलतो ते आता पाहा. समजा, पंधरा वर्षांत इंजिन दोनदा उतरवावं लागेल असं धरून कंपनीनं तासाचा दर ठरवला. प्रत्यक्षात ते तीनदा उतरवावं लागलं. विमान कंपनीकडून येणारे पैसे तेवढेच, दुरुस्तीचा खर्च मात्र दीडपट. वर विमान उभं राहिल्याची भरपाई वेगळी आणि उसनं इंजिन पुरवण्याचा खर्च वेगळा. दुसऱ्या पद्धतीत हाच जादा खर्च बराचसा विमान कंपनीच्या खिशातून जातो. उलट, इंजिन दोनऐवजी दीडदाच उतरवावं लागेल इतकं टिकाऊ झालं, तर तासाच्या हिशेबात सगळी बचत इंजिन कंपनीची. चांगल्या काळात रोल्स-रॉइसचा नफा जीईपेक्षा वेगानं वाढतो आणि वाईट काळात वेगानं कोसळतो, त्याची एक मोठी मेख इथं आहे.

ट्रेंट १००० नं हे प्रत्यक्ष दाखवलं. बोइंग ७८७ वरच्या या इंजिनात २०१६ पासून टर्बाइनची काही पाती गंधकाच्या गंजानं अपेक्षेच्या कितीतरी आधी खराब होताना आढळली, पुढे कॉम्प्रेसरच्या पात्यांतही तडे दिसू लागले. एका टप्प्यावर चाळीसहून अधिक ७८७ विमानं एकाच वेळी इंजिनांसाठी थांबून होती. रोल्स-रॉइसला या दुरुस्तीवर आणि भरपाईवर मिळून सुमारे २.४ अब्ज पौंड मोजावे लागणार असा अंदाज द्यावा लागला. आणि ७८७ घेणाऱ्या नव्या गिऱ्हाईकांनी जीईकडे तोंड वळवलं. त्या वर्षांत ज्यांनी फक्त विकलेल्या इंजिनांची वाढती संख्या पाहिली, त्यांना ती वाढ कंपनीच्या गळ्यात अडकणारी जबाबदारी आहे हे दिसलं नाही.

टिकाऊपणाची माहिती मिळवायची कुठून? कंपनीच्या अहवालातून काही मिळते, पण उशिरा मिळते. विमान कंपन्या आधी बोलतात. नोव्हेंबर २०२३ च्या दुबई एअर शोमध्ये एमिरेट्सचे अध्यक्ष टिम क्लार्क यांनी जाहीरपणे सांगितलं, की ट्रेंट एक्सडब्ल्यूबी-९७ आखाती हवेत आपल्याला हवं तितकं टिकत नाही, म्हणून ए३५०-१००० घेत नाही. वाळू आणि उष्णता पात्यांची थंड हवेची छिद्रं बुजवतात, थर झिजवतात. भारतातली हवाही अशीच कठोर, म्हणून भारतीय कंपन्यांचा अनुभव इंजिनांची खरी कसोटी ठरतो. इंडिगोच्या तिमाही निकालांनंतर विश्लेषकांशी होणारी चर्चा वाचा. इंजिनांअभावी किती विमानं उभी आहेत, हा प्रश्न तिथं दर वेळी विचारला जातो. सीएफएमच्या नव्या लीप इंजिनालाही उष्ण, धुळीच्या प्रदेशांत हा त्रास होता. टर्बाइनच्या सुधारित पात्यांच्या संचाला डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. अशी मान्यता ही छोटी तांत्रिक बातमी वाटते, पण माझ्या मते शेअरधारकासाठी ती कित्येक नव्या ऑर्डरींपेक्षा मोलाची असते.

२०२३ च्या जानेवारीत तुफान एर्गिनबिल्गिच रोल्स-रॉइसचे मुख्य कार्यकारी झाले आणि त्यांनी कर्मचाऱ्यांसमोर कंपनीचं वर्णन जळत्या फलाटासारखं केलं. त्यांनी केलेल्या अनेक गोष्टींत गुंतवणूकदारानं नीट पाहावी अशी एक आहे: इंजिनांचा टिकाऊपणा वाढवण्यासाठी वेगळे काढलेले १ अब्ज पौंड. त्यातून ट्रेंट १००० साठी तयार झालेलं नवं टर्बाइन पातं जून २०२५ मध्ये प्रमाणित झालं, आणि त्यामुळे पंखाखालचा काळ दुपटीहून अधिक वाढेल असं कंपनी सांगते. त्याच जोडीला त्यांनी तोट्यातले जुने करार पुन्हा वाटाघाटीला घेतले आणि तासाचे दर वाढवून घेतले. नफ्याची जी झेप पुढे दिसली, तिची मुळं या दोन कामांत आहेत.

नफ्याचा आकडा आणि तिजोरीतली रोकड

या कंपन्यांचा नफा हा बराचसा अंदाजाचा असतो. वीस वर्षांच्या कराराचा एकूण खर्च आज ठरवायचा, त्यावरून दर वर्षीचा नफा मांडायचा, आणि अंदाज बदलला की मागच्या वर्षांची सगळी दुरुस्ती एकाच वर्षात हिशेबात घ्यायची. अहवालात हे ‘कॉन्ट्रॅक्ट कॅच-अप’ या नावानं येतं. एखाद्या वर्षीच्या नफ्यात याचा वाटा मोठा असेल, तर तेवढा भाग बाजूला काढून उरलेला नफा पाहा, कारण तो दर वर्षी येणारा नाही. २०१८ मध्ये आयएफआरएस १५ हा लेखानियम लागू होण्याआधी रोल्स-रॉइस काही करारांत विक्रीचा तोटा आणि भविष्यातल्या सेवेचा नफा एकत्र जोडून दाखवत असे. नवा नियम आला आणि जुन्या वर्षांचे नफे मागे जाऊन बरेच खाली आणावे लागले. त्याच कंपनीचे तेच व्यवहार, पण कागदावरचा नफा वेगळा.

म्हणून रोकड पाहा, असा सल्ला सगळे देतात आणि तो योग्यच आहे. पण इथं रोकडही एका बाजूनं फसवते. तासाच्या करारात विमान कंपनी आज पैसे देते आणि मोठी दुरुस्ती येते काही वर्षांनी. मधल्या काळात हे पैसे कंपनीच्या हातात असतात आणि ताळेबंदात ते देणं म्हणून दिसतात. उड्डाणं वाढत असताना हे देणं फुगत जातं आणि मुक्त रोकड भरपूर दिसते. रोल्स-रॉइसच्या अलीकडच्या वर्षांतल्या रोकडीत या वाढीचा लक्षणीय भाग आहे, आणि कंपनी तो वेगळा सांगते. अहवालात ‘एलटीएसए’ (दीर्घ मुदतीचे सेवा करार) ही अक्षरं शोधा. एकूण मुक्त रोकडीतून ही वाढ वजा केल्यावर जे उरतं, ते मी त्या वर्षाची खरी कमाई समजतो. दुरुस्तीच्या वर्षांत हाच प्रवाह उलटा फिरू शकतो.

तो अचानक उलटा फिरला २०२० मध्ये. कोविडमुळे रोल्स-रॉइसच्या मोठ्या इंजिनांचे उड्डाणतास २०१९ च्या ४३ टक्क्यांवर आले. विमान उडत नाही म्हणजे तासाचे पैसे येत नाहीत, आणि कंपनीच्या तिजोरीतून त्या वर्षी ४.२ अब्ज पौंड बाहेर गेले. जखमेवर मीठ चोळलं ते डॉलरनं. इंजिनं आणि सेवा डॉलरमध्ये विकल्या जातात, कारखाने आणि पगार मात्र पौंडात. म्हणून कंपनी येणारे डॉलर कित्येक वर्षं आधी ठरावीक दरानं विकून ठेवते. डॉलर यायचेच थांबले तेव्हा ते सौदे मोडावे लागले आणि त्यासाठी दीड अब्ज पौंडांहून अधिक भुर्दंड बसला. लांब पल्ल्याच्या प्रवासावर सगळा भार असलेल्या कंपनीत ही जोखीम कायम राहणार. जीई आणि साफ्रान यांची मुख्य कमाई लहान पल्ल्याच्या विमानांतून येते, आणि देशांतर्गत उड्डाणं त्या वेळी आधी सावरली. रोल्स-रॉइस त्या वर्गातून आपण होऊन बाहेर पडली होती, ए३२० च्या इंजिनांतली आपली भागीदारी २०११ मध्ये प्रॅटच्या पालक कंपनीला दीड अब्ज डॉलरला विकायचा करार करून. तो निर्णय मला आजही महागात पडलेला वाटतो.

शेअरचा भाव पाहण्याआधी शेअरची संख्या पाहा

२०२० च्या शरद ऋतूत रोल्स-रॉइसनं तगून राहण्यासाठी २ अब्ज पौंडांचा हक्कभाग काढला. दर ३ शेअरमागे १० नवे शेअर, ३२ पेन्सला एक. आधी सुमारे १.९ अब्ज शेअर होते, नंतर साधारण ८.४ अब्ज झाले. यात ज्यानं भाग घेतला नाही त्याची मालकी पातळ होऊन चतुर्थांशाहूनही खाली आली. जुन्या तक्त्यांवर भाव पाहून ‘पूर्वीच्या पातळीला अजून पोचायचा आहे’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी शेअरची संख्या सव्वाचार पट झाल्याचं लक्षात घेतलं नाही. विमानाची इंजिनं बनवणारी कंपनी कर्जात अडकली की पहिला घाव नेहमी जुन्या भागधारकावर बसतो, त्यामुळे चांगल्या काळातच तिच्यावर कर्ज किती आहे ते तपासा. रोल्स-रॉइसचं पतमानांकन २०२० मध्ये गुंतवणूकयोग्य दर्जाच्या खाली घसरलं होतं आणि २०२४ मध्ये ते परत वर आलं. २०२४ च्या अखेरीस कंपनीकडे कर्ज वजा जाता ४७.५ कोटी पौंड शिल्लक होते. त्या वर्षी उड्डाणतास २०१९ च्या १०३ टक्के झाले, चालू नफा २.५ अब्ज पौंड आणि मुक्त रोकड २.४ अब्ज पौंड झाली, आणि कोविडनंतर पहिल्यांदा शेअरमागे ६ पेन्स लाभांश जाहीर झाला.

जुलै २०२५ मध्ये शेअरनं १० पौंडांची पातळी ओलांडली. इथं वाचकानं स्वतः गुणाकार करावा. साडेआठ अब्जांच्या आसपास शेअर गुणिले १० पौंड, म्हणजे कंपनीची किंमत सुमारे ८५ अब्ज पौंड. २०२४ ची मुक्त रोकड २.४ अब्ज, म्हणजे किंमत तिच्या पस्तीसपट. कंपनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये २०२८ साठी ४.२ ते ४.५ अब्ज पौंड रोकडीचं लक्ष्य ठेवलं. ते गाठलं तरी १० पौंडांचा भाव त्या रोकडीच्या साधारण एकोणीस-वीसपट भरतो. म्हणजे त्या भावाला शेअर घेणारा माणूस तीन-चार वर्षांनंतरचं यश तेव्हाच विकत घेत होता, आणि त्याच्या फायद्यासाठी कंपनीनं लक्ष्याच्याही पुढे जायला हवं होतं. २०२२ च्या अखेरीस हाच शेअर एका पौंडाच्याही खाली होता आणि तेव्हा चूक झाली तरी पडायला फारशी जागा नव्हती. चांगली कंपनी आणि चांगला भाव या दोन गोष्टी एकाच दिवशी मिळाव्यात, असा आग्रह धरायला हरकत नाही.

रोल्स-रॉइसचं सगळं उत्पन्न विमानांचं नाही, हेही हिशेबात घ्या. २०२४ च्या १७.८ अब्ज पौंडांच्या उत्पन्नात नागरी विमानांचा वाटा ९ अब्जांचा होता, संरक्षणाचा ४.५ आणि ‘पॉवर सिस्टिम्स’चा ४.३. हा तिसरा विभाग जर्मनीत फ्रीड्रिक्सहाफेनला आहे. तो डेटा सेंटरना लागणारी जनरेटरं एमटीयू याच छापानं विकतो आणि त्याचा म्युनिकच्या एमटीयू एरो इंजिन्सशी मालकीचा संबंध नाही. शेअर शोधताना ही गल्लत होते.

त्या म्युनिकच्या एमटीयूकडूनही शिकण्यासारखं आहे. भागीदार म्हणून तिनं प्रॅटच्या ए३२० निओ इंजिनात १८ टक्के वाटा घेतला होता. भुकटीच्या दोषात तिच्या कारखान्याची चूक नव्हती, तरी वाट्याप्रमाणे सुमारे १ अब्ज युरोचा भार तिच्यावर आला आणि २०२३ चं वर्ष तोट्यात गेलं. इंजिन कंपनी घेताना तिचे भागीदारीतले टक्के आणि कोणत्या इंजिनात ते आहेत, हे पाहायला हवं.

आपल्याकडचे पुरवठादार

पुण्याची भारत फोर्ज, विक्रोळीचा गोदरेजचा विमानभागांचा विभाग, हैदराबादची आझाद इंजिनिअरिंग यांसारख्या कंपन्या या मोठ्या घरांना भाग पुरवतात. भारत फोर्जनं रोल्स-रॉइसच्या पर्ल मालिकेतल्या इंजिनांसाठी फॅन ब्लेड पुरवण्याचा करार केला आहे, आणि चाकणला जीईचा स्वतःचा कारखाना २०१५ पासून आहे. बऱ्याच वाचकांना वाटतं, की भारतातच अशा पुरवठादाराचा शेअर घेतला की इंजिन धंद्यात वाटा मिळाला. मला हे पटत नाही. पुरवठादाराला भाग बनवल्याचे पैसे मिळतात. इंजिन वीस वर्षं उडल्याची कमाई त्याच्याकडे येत नाही, आणि ते लवकर उतरवावं लागल्याचा मोठा भुर्दंडही सहसा येत नाही. हा चांगला कारखानदारी धंदा असू शकतो, पण त्याची पारख वेगळ्या मापांनी करायला हवी: एका गिऱ्हाइकावर किती भिस्त, भांडवलावर किती परतावा, भागाला मान्यता मिळायला किती वर्षं लागतात. हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) रोल्स-रॉइसचं अडूर इंजिन परवान्यानं बनवत आली आहे, आणि तेजस या लढाऊ विमानासाठी जीईची इंजिनं घेते. त्या शेअरचं भवितव्य सरकारी ऑर्डर आणि विमानांच्या पुरवठ्यावर ठरतं. जीईकडून २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांतलं पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आलं, यावरून तिथली गती कळते.

थेट परदेशी शेअर घ्यायचा, तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. वर्षाला १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (स्रोतावरच गोळा केला जाणारा कर) वसूल करते. तो विवरणपत्रात वळता मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. लंडनमध्ये खरेदीवर अर्धा टक्का मुद्रांक शुल्क लागतं, आणि लाभांशावर ब्रिटन सहसा काही कापत नाही. अमेरिकी शेअरच्या लाभांशातून २५ टक्के कापले जातात, ते भारतातल्या करातून वजा मागता येतात. भारतातली अनेक ॲप फक्त अमेरिकी बाजार उघडतात, त्यामुळे जीई किंवा आरटीएक्स सहज मिळतात, पण लंडन, पॅरिस किंवा फ्रँकफर्टसाठी वेगळा ब्रोकर शोधावा लागतो. परदेशी शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवला तर नफ्यावर साडेबारा टक्के कर, आणि एक जरी शेअर असला तरी विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात त्याची नोंद करावीच लागते. नियम बदलत राहतात, तेव्हा पैसे पाठवण्याआधी सनदी लेखापालाला विचारा. आणि अमेरिकी शेअर घेणार असाल तर त्याला एक प्रश्न आवर्जून विचारा, जो ब्रोकर क्वचितच काढतात: अमेरिकेबाहेरच्या माणसाच्या नावावर ६० हजार डॉलरहून अधिक किमतीची अमेरिकी मालमत्ता असताना त्याचा मृत्यू झाला, तर तिथं वारसा कर लागू होतो. भारत-अमेरिकेत या कराबाबत करार नाही, आणि अमेरिकी शेअर त्या मालमत्तेत धरले जातात, मग ते मुंबईतल्या फोनवरून घेतलेले का असेनात.